माझं चित्र परत कधी मिळणार?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवार होता. जोहरची नमाज आटोपून आम्ही अकरा जण आमच्या सोलापूर भागातल्या एका यतीमखान्यात पोहोचलो. मी, माझ्या शाळेतले दोन सहकारी आणि बाकीची कॉलेजात शिकणारी मुलं-मुली. त्यातले बहुतेक माझेच जुने विद्यार्थी. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो, त्यामुळे कुठलाही कार्यक्रम निघाला की पोरं आधी माझ्याकडे येतात. यावेळी कल्पना त्यांचीच होती. यतीमखान्यातल्या मुलांसोबत एक दुपार घालवायची, चित्रं काढायची, कागदाच्या वस्तू करायच्या, त्यांना जरा खूश करायचं. वर्गणी काढून आम्ही कार्डशीट, तेलखडू, पतंगी कागद, गोल टोकाच्या कात्र्या आणि फेव्हिकॉलचे डबे घेतले होते. टेम्पोत मागे बिर्याणीची एक डेग होती आणि एक छापील बॅनरही होता.

संस्थेचं नाव मी इथे देत नाही. नाव दिलं तर मुलं ओळखू येतील. शिवाय या लेखात जी चूक सांगणार आहे ती संस्थेची नाही, आमची आहे. त्यातही जास्त माझी.

अडतीस मुलं होती, सहा ते पंधरा वर्षांची. आम्ही आत गेलो तेव्हा ती सतरंजीवर ओळीत, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली होती. पाहुणे आले की असं बसायचं, हे त्यांना पाठ आहे. उठून त्यांनी सलाम केला, एक नात म्हटली आणि पुन्हा तशीच बसली. रंग समोर ठेवले तरी पंधरा मिनिटं कुणी हात लावेना. शेवटी एकानं विचारलं, "सर, कोणतं चित्र काढायचं?" तुम्हाला आवडेल ते, असं म्हटल्यावर सगळ्यांनी एकच चित्र काढलं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचं झाड. हे चित्र महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. काय काढावं ते सुचत नसेल आणि चुकायचंही नसेल, तेव्हा मुलं हे चित्र काढतात.

मग मी विषय दिला, 'माझं घर'.

वर्गातली सवय, दुसरं काय. बी.एड.ला आम्हाला घोटून शिकवलं जातं की मुलाला जे माहीत आहे तिथून सुरुवात करा, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जा. घर तर प्रत्येक मुलाला माहीत असतं, असं मी धरून चाललो. शब्द तोंडातून गेला आणि माझ्या एका विद्यार्थिनीनं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण तोपर्यंत मुलं कामाला लागली होती. एकानं कागदाची घडी घालून ती खिशात ठेवली. एकानं लोखंडी पेट्यांची एक लांब ओळ काढली आणि प्रत्येक पेटीला कुलूप काढलं. एकानं माझी मोटारसायकल काढली, नंबरसकट. निळा स्वेटर घातलेला एक नऊ वर्षांचा मुलगा सगळ्यात जास्त वेळ खाली मान घालून बसला होता. त्यानं एक खोली काढली. खोलीत शिलाई मशीन, मशीनवर बसलेली एक बाई आणि भिंतीवर कॅलेंडर. कॅलेंडरच्या एका चौकटीभोवती लाल गोल.

त्यानंतर मात्र दुपार रंगली, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पतंगी कागद निघाले तसा ओळींचा बंदोबस्त मोडला. लहान मुलांनी तळहाताला फेव्हिकॉल फासून तो वाळू दिला आणि कातडीसारखा सोलून काढायचा उद्योग सुरू केला. बावर्चीचाचा हात पुसत बाहेर आले आणि त्यांनी क्रेप कागदाचा असा गुलाब करून दाखवला की आमच्या पोरी बघतच राहिल्या. असरची अजान झाली तेव्हा कुणालाच उठावंसं वाटत नव्हतं.

नमाजनंतर बॅनर बांधला, मुलांना समोर बसवलं, फोटो काढले. दस्तरखान घातला, बिर्याणी वाढली, वाढतानाचेही फोटो काढले. मुलांनी चित्रं आमच्याकडे जमा केली, कारण शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात आम्ही त्यांचं प्रदर्शन मांडणार होतो. निघताना निळ्या स्वेटरचा मुलगा फाटकापर्यंत आला. म्हणाला, "सर, मेरी ड्राइंग वापस कब मिलेगी?"

"अगले हफ्ते, बेटा," मी म्हणालो.

प्रदर्शन छान झालं. पाहुण्यांनी कौतुक केलं. शिलाई मशीनच्या चित्रासमोर दोन बायकांनी डोळे पुसले. चित्रं डबल टेपनं चिकटवली होती, काढताना निम्मी फाटली. काही कुणीतरी घरी नेली. मी पुन्हा यतीमखान्यात गेलो तो सात आठवड्यांनी, आणि ते चित्र माझ्याजवळ नव्हतं. मी त्याला बोलावून सांगितलं. तो रडला नाही, रागावलाही नाही. "कोई बात नहीं, सर," असं पटकन म्हणाला आणि खेळायला गेला. मागाहून नाजिमसाहेबांकडून कळलं की त्याची अम्मी महिन्याच्या शेवटच्या रविवारी भेटायला येते. कॅलेंडरवरचा लाल गोल तो होता. चित्र तिला दाखवायचं होतं.

नऊ वर्षांच्या मुलाला 'कोई बात नहीं' इतक्या सहज म्हणता येतं, याचा मला जास्त त्रास झाला. हे म्हणायची सवय त्याला आमच्यासारख्यांनीच लावली असणार.

अब्बांचा जर्दा

या गोष्टीनं मला इतकं का टोचलं, त्याला एक घरचं कारण आहे. माझे अब्बा यतीमखान्यात वाढले. दादा वारले तेव्हा अब्बा सात वर्षांचे होते. पुढची आठ वर्षं त्यांनी तिथे काढली, मग गिरणीत लागले. त्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नसत. संस्थेबद्दल त्यांनी कधी वाईट शब्द काढला नाही. 'दोन वेळचं जेवण आणि अक्षरओळख तिथेच मिळाली,' असंच म्हणायचे. पण लग्नाच्या दावतीत जर्दा आला की ते ताट पुढे सरकवायचे. आम्हाला वाटायचं, त्यांना गोड आवडत नाही.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात एकदा त्यांनी सांगितलं. शहरातल्या एखाद्या घरी कुणाचा चाळिसावा असला, बरसी असली की यतीमखान्यातल्या मुलांना नेलं जाई. धुतलेले कुर्ते घालून, दोघादोघांची रांग करून. तिथे कुरआन पढायचं, मग घरमालकाच्या मरहूम वडिलांसाठी हात उचलून दुआ मागायची आणि शेवटी जर्दा खायचा. अब्बा म्हणाले, "ज्यांना स्वतःचा बाप नीट आठवत नव्हता, ती पोरं दुसऱ्याच्या बापासाठी दुआ मागायची. आणि लोक आमच्या तोंडाकडे बघत राहायचे, घास कसा घेतो ते."

बोलावणारे लोक वाईट नव्हते. त्यांची नियतही नेक होती. आमचीही नेक होती. पण अब्बांच्या काळातली ती दावत आणि आमची बॅनरवाली दुपार यांच्यात फरक किती, हे मी मोजायला लागलो तेव्हा फार फरक सापडेना. तेव्हा जर्दा होता, आता बिर्याणी आणि तेलखडू. तेव्हा दुआ मागून घेत, आता हसरा फोटो मागून घेतात. दोन्हीकडे मूल काहीतरी देतं आणि पाहुणा ते घेऊन घरी जातो. आम्ही तर चित्रंसुद्धा घेऊन गेलो.

देणारा कोण, घेणारा कोण?

आपल्या समाजात यतीमाबद्दल कळवळा कमी नाही. तो आपल्या दीनच्या गाभ्यातच आहे. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः यतीम होते. वडील जन्माआधीच गेले, आई सहाव्या वर्षी, आजोबा आठव्या वर्षी. यतीमाचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये आपल्या इतका जवळ असेल, हे त्यांनी दोन बोटं दाखवून सांगितलं, ती हदीस आपल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. पण त्या हदीसमध्ये शब्द आहे 'काफिल', म्हणजे जबाबदारी घेणारा. भेट देऊन जाणारा नव्हे.

सूरह माऊन आपण नमाजमध्ये कितीदा पढतो. सातच आयती आहेत. त्यात यतीमाला धक्के देणाऱ्याचा निषेध आहे आणि पुढे लोकांना दाखवण्यासाठी इबादत करणाऱ्यांचाही निषेध आहे. या दोन गोष्टी एकाच लहानशा सूरहमध्ये का याव्यात, याचा मी आजवर विचार केला नव्हता. आता वाटतं, दिखावा हाही एक धक्काच आहे. तो हळू बसतो, एवढंच. सूरह दहरमध्ये यतीमाला जेवू घालणाऱ्या नेक माणसांचं वर्णन येतं. त्यांना मोबदला नको असतो आणि आभारही नको असतात. आणि आपण? आपण जेवणाआधी मुलांकडून स्वागतगीत म्हणवून घेतो आणि जेवणानंतर शुक्रिया.

फोटोंचा प्रश्न तर नुसता शिष्टाचाराचाही राहिलेला नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा संस्थेतल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करायला बंदी आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी शिक्षक असून हे मला माहीत नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आमचे फोटो तीन-चारशे लोकांनी तरी पाहिले असतील. त्यातलं एखादं मूल उद्या वर्गात बसेल, नोकरीच्या मुलाखतीला जाईल, लग्नाची बोलणी करेल आणि कुणाच्या तरी फोनमध्ये ते ताट पुढे करून बसलेलं असेल. आपल्या स्वतःच्या मुलाचा असा फोटो आपण फिरू दिला असता का?

"एक दुपार तरी मिळते ना"

हे सगळं मी आमच्या गटापुढे मांडलं तेव्हा माझ्या एका सहकाऱ्यानं रोखठोक विचारलं, "मग जायचंच नाही का? काहीच न मिळण्यापेक्षा एक दुपार तरी मिळते ना?"

प्रश्न खरा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. दुपार मिळते आणि ती लहान गोष्ट नाही. संस्थेत वाढणाऱ्या मुलाचा दिवस घंटेवर चालतो. उठणं, नमाज, नाश्ता, शाळा, अभ्यास, जेवण, झोप, सगळं सगळ्यांसोबत आणि सगळ्यांसारखं. कपडे एकाच ताग्याचे, ईदलासुद्धा. अशा दिवसात दोन तास असे मिळावेत की ज्यात आपला कागद शेजाऱ्याच्या कागदापेक्षा वेगळा निघाला तर कुणी ओरडत नाही, ही चैन नाही, गरज आहे. पेट्यांची ओळ काढणाऱ्या मुलानं त्या दिवशी जे सांगितलं, ते त्यानं तोंडानं कधीच सांगितलं नसतं.

कलेची ही ताकद ओळखणारा एक माणूस पोलंडमध्ये होऊन गेला. डॉ. यानुश कोर्चाक. मुलांचे डॉक्टर आणि लेखक. १९१२ पासून ते वॉर्सामधला ज्यू मुलांचा अनाथाश्रम चालवत होते. तिथे मुलांचं स्वतःचं न्यायालय होतं. मुलंच न्यायाधीश, आणि मोठ्यांवरही खटला भरता येई, खुद्द कोर्चाकांवरसुद्धा. १९२६ मध्ये त्यांनी मुलांनी लिहिलेलं वर्तमानपत्र सुरू केलं. पुढे नाझींनी त्या सगळ्यांना घेट्टोत कोंडलं. उपासमार चालू असताना, जुलै १९४२ मध्ये, त्या मुलांनी रवींद्रनाथ टागोरांचं 'डाकघर' हे नाटक बसवून केलं. आजारी, खोलीत अडकलेल्या मुलाचं ते नाटक. तीनच आठवड्यांत, ऑगस्टच्या सुरुवातीला, जवळपास दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आलं. कोर्चाकांना स्वतःचा जीव वाचवण्याच्या संधी आल्या होत्या. ते मुलांसोबत गेले.

आपल्याकडून कुणी इतकं मागत नाही. पण मला त्यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. तिथे न्यायालय, वर्तमानपत्र, नाटक हे सगळं मुलांच्या मालकीचं होतं, पाहुण्यांच्या करमणुकीचं नव्हतं. आणि ते करवून घेणारा माणूस संध्याकाळी निघून जात नव्हता.

आपल्या महाराष्ट्रातही हे शहाणपण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी-कोसबाड भागात आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. महागडी साधनं परवडत नाहीत, तर शिंपले, बिया, पानं, खडे यांचीच साधनं केली. बी.एड.च्या परीक्षेत यावर मी उत्तर लिहून गुणही मिळवले होते. पण सामान आपल्याकडून न्यायचं आणि विषयही आपणच ठरवायचा, हे त्या शिकवणीच्या अगदी उलट आहे, हे कळायला मला वीस वर्षं आणि एक हरवलेलं चित्र लागलं.

आम्ही काय बदललं

सहकाऱ्याला मी म्हणालो, जायचं. पण पाहुणे म्हणून नको.

आधी आम्ही मोठ्या मुलांना विचारलं, तुम्हाला काय हवं? पहिल्यांदा कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "सर, क्रिकेट खेला तो बराबर खेलो. मेहमान लोगां जानबूझ के हारते." सगळे हसले आणि मग गाडी सुरू झाली. एकाला दहावीच्या मराठीची भीती वाटत होती. दोघांना बस स्टँडवर जाऊन फक्त बसायचं होतं, गाड्या बघत. एकाला पतंग बांधता येत होता आणि तो म्हणाला की तुम्हा लोकांना मी शिकवतो. नव्या रंगांची किंवा बिर्याणीची मागणी एकानंही केली नाही.

तेव्हापासून दर महिन्याचा दुसरा रविवार ठरवला. संस्थेची लेखी परवानगी घेतली, येणाऱ्यांची नावं आणि ओळखपत्रं दिली. जेवण नेत नाही. खर्च करायचाच असेल तर संस्थेच्या किराण्यात देतो आणि मुलांना ते सांगत नाही. बॅनर नाही. फोन नाजिमसाहेबांच्या टेबलावर ठेवून आत जायचं. प्रत्येक मुलाला एक कोरी जाड वही दिली. ती त्याच्या पेटीत राहते. ती दाखवायची की नाही हे त्यानं ठरवायचं. काढलेलं काहीही बाहेर जात नाही. 'माझं घर', 'माझी आई', 'माझं कुटुंब' हे विषय आम्ही देत नाही. मुलानं स्वतःहून काढलं तर गोष्ट वेगळी.

सगळं सुरळीत चाललं असं नाही. पहिल्या महिन्यात नऊ जण आलो, चौथ्या महिन्यात तीन. जूनमध्ये परीक्षेचं आणि पावसाचं कारण होऊन मी एकटाच गेलो. त्या दिवशी एक सहा वर्षांचा मुलगा प्रत्येक गैरहजर माणसाचं नाव घेऊन विचारत होता, अमुक बाजी का आली नाही, तमुक भाई कुठे आहे. तेव्हा मला कळलं की लहान मुलं पहिल्याच भेटीत गळ्यात का पडतात आणि मोठी मुलं आमची नावंसुद्धा का विचारत नाहीत. त्यांनी खूप जणांची नावं पाठ केली होती आणि ते लोक परत आले नव्हते. त्यानंतर आम्ही नियम केला. वर्षभर येणार असाल तरच या. ज्याला जमणार नाही त्यानं येऊ नये, त्यात गुन्हा काही नाही. आता आम्ही पाच जण आहोत. अकरापेक्षा पाच बरे.

भिंतीच्या पलीकडची आई

आणखी एक गोष्ट मला त्या चित्रानं दाखवली. शरीयतमध्ये यतीम म्हणजे बालिग होण्याआधी ज्याचा बाप गेला ते मूल. म्हणजे यतीमखान्यातल्या कितीतरी मुलांची आई जिवंत असते. आम्ही जातो तिथे निम्म्याहून जास्त मुलांची आहे. त्यांना आई नको झाली म्हणून ती तिथे नाहीत. आईला भाडं, रेशन आणि शाळा एकत्र झेपत नाही म्हणून आहेत.

आपण यतीमखान्याला उदारपणे देतो, कारण तिथे जाता येतं, बघता येतं, दुपार घालवता येते. एका खोलीत मशीन चालवणाऱ्या विधवेकडे कार्यक्रम घेता येत नाही. पण तिला महिन्याकाठी थोडा आधार मिळाला तर मूल पेटीऐवजी घरी राहू शकतं. प्रेषितांचं उदाहरण घ्या. त्यांना आजोबांनी घरी नेलं, नंतर चुलते अबू तालिब यांनी. कुरआननं सूरह बकरामध्ये यतीमांबद्दल सांगितलं आहे की त्यांना आपल्यात मिसळून घेतलंत तर ते तुमचे भाऊच आहेत.

सरकारची बालसंगोपन योजना आहे. वडील किंवा आई गमावलेल्या, पालक सांभाळू शकत नसलेल्या मुलासाठी महिन्याला २२५० रुपये मिळतात आणि मूल कुटुंबात राहतं. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो, बाल कल्याण समितीपुढे मूल न्यावं लागतं. आपल्या बायकांचं घोडं अडतं ते कागदांवर. वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'शेख', रेशन कार्डावर 'शैख', शाळेच्या दाखल्यावर तिसरंच काही. हे काम उर्दू-मराठी शिक्षकाला जमतं. मला तेलखडूंपेक्षा ते बरं जमतं. आमच्या पाच जणांतले दोघे आता फक्त हेच करतात. दोन मुलं घरी गेली आहेत. निळ्या स्वेटरच्या मुलाच्या अम्मीचा अर्ज अजून नावाच्या फरकात अडकला आहे, आणि मी तिला 'अगले हफ्ते' म्हणत नाही.

यतीमखाने बंद करा, असं मी म्हणत नाही. ज्यांना खरंच कुणी नाही त्यांना ते हवेतच. माझ्या अब्बांना त्यांनीच जगवलं.

त्या मुलानं ते चित्र पुन्हा काढलं की नाही, मला माहीत नाही. वही त्याच्या पेटीत आहे, मी कधी मागितली नाही.

वाचकहो, रमजान आला की आपल्यातले कित्येक जण यतीमखान्यात इफ्तार ठरवतील. मुलाचा वाढदिवस, वडिलांची बरसी, कॉलेजचा उपक्रम, निमित्तं पुष्कळ असतात. तारीख ठरवण्याआधी घरात बसून एवढंच ठरवा की यानंतर पुन्हा कधी जाणार. त्याचं उत्तर असेल तर जरूर जा, कॅमेरा घरी ठेवून जा. उत्तर नसेल तर तेच पैसे आपल्या मोहल्ल्यातल्या एखाद्या विधवेच्या भाड्यात टाका आणि कुणाला सांगू नका.